हँडल खाली, मान वर

पुण्यातल्या कुठल्याही पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पंपाची खोली आणि कुणाची तरी विकायची राहून गेलेली स्कूटर यांच्या मधल्या जागेत, एक माउंटन बाइक उभी असते. दोन्ही टायर बसलेले, मुठींचं रबर चिकट झालेलं, सीटवर मांजराचे केस. वार्षिक सभेत ‘पार्किंगमधील बेवारस वाहनांबाबत निर्णय घेणे’ हा विषय दर वर्षी येतो आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जातो, कारण ही सायकल बेवारस नसते. तिचा वारस टोरांटोला असतो आणि वारसाचे वडील तिसऱ्या मजल्यावर.

वारसाने ती वीसेक वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, हट्टाने घेतलेली असते. घेताना त्याने गिअर मोजले, वडिलांनी पैसे मोजले, फ्रेमचं माप कुणीच मोजलं नाही. मुलगा पाच फूट दहा इंच, वडील पाच फूट पाच. तेव्हा या पाच इंचांशी वडिलांना काही देणंघेणं नव्हतं. पुढे मुलगा उडून गेला आणि सायकल जमिनीवर राहिली. मग एके दिवशी वडिलांच्या रक्ततपासणीतला एखादा आकडा ठळक टाइपात छापून येतो, डॉक्टर ‘काहीतरी व्यायाम ठेवा’ म्हणतात, आणि नुसतं चालण्यापेक्षा सायकल बरी, शिवाय ती घरचीच आहे, असा हिशेब होतो. २०२०च्या टाळेबंदीनंतर तर अशा कितीतरी सायकली धूळ झटकून बाहेर आल्या.

पहिले काही दिवस उत्साहाचे. पाय सवय विसरलेले नसतात, घंटीही वाजते. मग मान बोलू लागते. आधी खांद्याच्या वरच्या कडेला, नंतर कवटी जिथे मानेवर टेकते तिथे, आणि सरतेशेवटी कमरेच्या त्या पट्ट्यात, जिथे हात नेल्यावर तोंडातून आपोआप ‘आई गं’ निघतं. घरातून शेरा येतो, ‘अहो, जाताना ताठ जाता आणि येताना वाकून येता. वाटेत कुठलं देऊळ लागतं का?’

इथून पुढे उपचारांच्या ठरलेल्या पायऱ्या सुरू होतात. आधी तेल, मग शेक. मग उशी बदलतात. उशीचा सायकलशी काडीमात्र संबंध नसतो, पण उशी बदलणं हा घरातला सर्वांत बिनखर्चाचा वैद्यकीय निर्णय असतो. मग मानेचा पट्टा. मग जेल भरलेलं सीट कव्हर, म्हणजे दुखणं मानेत आणि गादी भलतीकडे. पार्किंगमधले जाणकार सांगतात की वयोमानाप्रमाणे मणके झिजतात. सगळे जण शरीराची उलटतपासणी घेतात, सायकलला कुणी एक प्रश्न विचारत नाही. शरीर पासष्ट वर्षांचं, सायकल विशीतली. संशय वयाने मोठ्यावर घ्यायचा, एवढीच त्यामागची तर्कपद्धती.

खरं तर सायकल बाजूने नीट पाहिली तर गुन्हेगार उघड्यावर उभा असतो. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीला हँडल जिथे जोडलेलं असतं तो आडवा तुकडा म्हणजे स्टेम. जुन्या माउंटन बाइकवर हा तुकडा १०० ते १३० मिलिमीटर लांब असतो, कधी त्याहूनही जास्त, आणि हँडल सरळ, जेमतेम ५६ ते ६० सेंटिमीटर रुंद आणि सीटच्या पातळीच्या खाली. आजच्या माउंटन बाइकवर तोच स्टेम ३५ ते ५० मिलिमीटरवर आला आहे. म्हणजे नुसता हा तुकडाच आजच्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटर लांब. वाचताना हे अंतर किरकोळ वाटतं. पण हात लांबले की पाठ आडवी होते. मांड्यांमागचे स्नायू आखडलेले असले (खुर्चीत बसून तीस वर्षं नोकरी केलेल्यांचे ते असतातच) की कंबर जागची फिरत नाही आणि पाठीचा कणा मध्येच बाक काढून ते अंतर भरून काढतो. धड रस्त्याला समांतर झालं तरी डोळ्यांना समोरचं पाहायचंच असतं, कारण रस्ता पुण्याचा आहे. म्हणून मान मागे मोडून वर उचलावी लागते. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते तासभर तसं तोलून धरायचं काम मानेच्या मागच्या चिंचोळ्या स्नायूंकडे येतं, आणि ते स्नायू तासाभराने राजीनामा देतात.

यात चष्म्याची भर. चाळिशीनंतरच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचं वरच्या भागातून दिसतं, हे खरं. पण माणूस पुढे वाकला की त्याची नजर त्या वरच्या भागाच्याही वरून, थेट फ्रेमच्या वरच्या कडेवरून जाते. कडेच्या वर सगळं धूसर. मग कडेखालून पाहायला हनुवटी आणखी उचलायची. त्यातच हौसेने घेतलेल्या हेल्मेटला पुढे चोच असते. ती चोच डोंगरातल्या फांद्या आणि ऊन अडवायला केलेली; शहरात ती सिग्नल अडवते. चोच टाळायला मान आणखी दोन बोटं वर. बहुतेक हेल्मेटांची ही चोच हाताने ओढली तरी निघते. मानदुखीवरचा याहून स्वस्त इलाज वैद्यकशास्त्रात नसावा. पण चोचीविना हेल्मेट ‘बिचारं दिसतं’ म्हणून ती तशीच राहते.

गंमत अशी की माउंटन बाइक जन्माला आली तेव्हा तिच्यावर माणूस ताठ बसत असे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही उनाड तरुणांनी डोंगरावरून खाली येण्याची एक शर्यत सुरू केली. त्यांच्या सायकली १९३०-४०च्या दशकांतल्या जाडजूड श्विन किंवा तसल्याच, रुंद आणि उंच हँडलच्या. मागच्या चाकाचा ब्रेक पायडल उलटं दाबल्यावर लागायचा, आणि उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही सगळी या खेळातली मंडळी. त्यांनी मानेबद्दल तक्रार केल्याची नोंद नाही. हाडं मोडल्याच्या तक्रारी मात्र भरपूर.

मग शर्यती शहाण्या झाल्या. उताराइतकाच चढ महत्त्वाचा ठरला, चढावर पुढचं चाक उचलू नये म्हणून वजन पुढे हवं, वजन पुढे हवं म्हणून हँडल लांब आणि खाली. १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि नेड ओव्हरेंड नावाच्या पस्तिशीतल्या गड्याने ती जिंकली. जॉन टोमॅक हा त्याच काळातला आणखी एक मोठा खेळाडू तर त्या वर्षी माउंटन बाइकला रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचं वाकडं हँडल लावून धावला. १९९६ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ शिरला. शर्यतीतल्या पोरांची बसायची पद्धत दुकानातल्या सायकलीवर उतरली, आणि ती दुकानातली सायकल वीस-पंचवीस वर्षांनी खडकवासल्याच्या रस्त्यावर, कणीस खायला निघालेल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या वाट्याला आली. ओव्हरेंडसाठी बेतलेला कोट काकांना आखूड होतो आहे की लांब, हे कुणी पाहिलंच नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात या सायकलीचा देशी अवतार आला होता. हीरोची ‘रेंजर’ आणि हर्क्युलिसची ‘एमटीबी’ आठवत असेल. जाड टायर, सरळ हँडल, आणि चालवणारा नववीतला. नववीतल्या मुलाची मान कशाचीही तक्रार करत नाही, त्यामुळे या रचनेत काही खोट असेल असं एका अख्ख्या पिढीला वाटलंच नाही. त्याच काळात शेजारून दूधवाला काळ्या, अठ्ठावीस इंची चाकाच्या, मागे वळलेल्या उंच हँडलच्या सायकलीवर दोन्हीकडे कॅन लटकवून ताठ कण्याने जात होता. त्याच्याकडे पाहून कुणालाही काही सुचलं नाही.

पाश्चात्त्य डॉक्टरांना मात्र हे फार पूर्वी सुचलं होतं. १८९०च्या दशकात सायकलचं वेड शिगेला पोचलं तेव्हा हँडल खाली करून वाऱ्यासारखे सुटणारे तरुण रस्तोरस्ती दिसू लागले आणि काही डॉक्टरांनी त्यांच्या कुबडाला ‘कायफोसिस बायसिक्लिस्टारम’ असं भारदस्त लॅटिन नाव देऊन टाकलं. आजाराला लॅटिन नाव मिळालं की त्याला मान मिळतो. इथे तर मानेचाच प्रश्न होता.

मानेच्या बाबतीत टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीचं. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर राहीना. या अवस्थेला तेव्हापासून ‘शर्मर्स नेक’ म्हणतात, आणि ती ओढवलेले काही स्पर्धक हनुवटीखाली टेकू किंवा पाठीला बांधलेली कांडी असले जुगाड करून पुढे जातात. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टर बंधूंनी ही शर्यत २०१५ साली दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ साली नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हे वाचून सुखावतात. आपलं दुखणं एका मोठ्या परंपरेतलं आहे, असं त्यांना वाटतं. चार हजार आठशे किलोमीटर आणि खडकवासल्याची एक फेरी, यांतला फरक घरातली मंडळी लक्षात आणून देतात.

तर गुन्हेगार सापडला, आता त्याला हलवायचं. इथे सायकलवाल्या दादाशी गाठ पडते.

‘दादा, हँडल वर करायचंय.’

‘काका, सीट खाली करू का?’

‘सीट नाही. हँडल.’

‘लुक जाईल, काका.’

सीट खाली करण्याचा हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि फार चुकीचा. सीट खाली घेतली की हँडल तुलनेने वर येतं, मानेला थोडं बरं वाटतं आणि महिन्याभरात गुडघे बोलू लागतात. दुखणं कमी होत नाही, त्याची फक्त बदली होते. सीटच्या उंचीचा साधा ठोकताळा असा की पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. त्याहून सीट वर गेली तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवी डुलते आणि पाठीच्या खालच्या भागाला त्याचा हिशेब चुकवावा लागतो. सीटचं नाक आडव्या पातळीत हवं. ते खाली झुकवलं की माणूस सतत पुढे घसरतो, ते घसरणं तळहातांनी रोखतो, आणि तो भार मनगटांतून खांद्यांत, खांद्यांतून मानेत पोचतो. नाक वर केलं की कंबर मागे फिरते आणि पाठ पुन्हा गोल.

आणखी एक मोह सीट पुढे सरकवण्याचा. हँडल लांब आहे ना, मग आपणच पुढे जाऊ, असा तो सरळ विचार. पण सीटची पुढची-मागची जागा गुडघा आणि पायडल यांच्या नात्यावर ठरते. हँडल जवळ आणायला ती हलवणं म्हणजे एका भाडेकरूची तक्रार मिटवायला दुसऱ्याची भिंत पाडणं. शिवाय वजन पुढे गेल्यावर हातांवरचा भार वाढतोच.

म्हणून स्टेम. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सायकलीवर तो दोन जातींचा सापडतो. जुनी जात चिमट्याच्या नळीच्या आत घुसलेली. वर एक बोल्ट, त्याच्या टोकाला आत एक पाचर. बोल्ट आवळला की पाचर नळीत घट्ट बसते. हा बोल्ट तीन-चार आटे सैल करायचा, त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक बेताचा ठोका द्यायचा, पाचर सुटते आणि हँडल वर ओढता येतं. मात्र स्टेमच्या अंगावर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये, एवढी एकच अट. बऱ्याच सायकलींवर या एका ठोक्यात दोन-तीन सेंटिमीटर उंची फुकट मिळते, आणि वीस वर्षं कुणी तो ठोका दिलेला नसतो. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेली सायकल असेल तर ॲल्युमिनियमचा स्टेम पोलादी नळीत असा धरून बसतो की ठोक्यांची संख्या आणि शब्दांची पातळी दोन्ही बदलतात. तिथे गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवावं लागतं. खोबरेल चालत नाही, हे सांगायची वेळ अनेकदा येते.

दुसरी जात नळीच्या बाहेरून चिकटणारी. ही नव्वदच्या दशकात आली आणि तिच्या डोक्यावरच्या टोपीतला बोल्ट पाहून सगळे फसतात. तो आवळला म्हणजे हँडल पक्कं झालं असं वाटतं. तो बोल्ट फक्त छऱ्यांवरचा दाब ठरवतो. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. सोडताना आधी बाजूचे, मग टोपीचा. आवळताना आधी टोपीचा, मग बाजूचे. या जातीत स्टेमच्या वर-खाली कड्या असतात. वरच्या कड्या खाली घातल्या की हँडल तेवढं वर येतं, आणि नळी मागे कललेली असल्याने दर तीन सेंटिमीटर उंचीमागे साधारण एक सेंटिमीटर जवळही येतं. पण कारखान्यातून निघताना नळी बेताची कापलेली असली तर वर कड्याच नसतात. ‘नळी कापलीय काका, आता कुठून वाढणार?’ हा दादाचा प्रश्न रास्त असतो. मग नळीवर बसणारा उंचीचा जोडतुकडा, किंवा सत्तर-ऐंशी मिलिमीटरचा, वर तोंड केलेला आखूड स्टेम.

हा तुकडा ऑनलाइन मागवला की एक नवीन अध्याय सुरू होतो. जुन्या हँडलची मधली जाडी २५.४ मिलिमीटर, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टेमचं भोक ३१.८. फरक ६.४ मिलिमीटर. दादा म्हणतो, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून भरू. त्या हिशेबाने हँडल बसेपर्यंत गृहस्थांना एक अख्खं खोकं प्यावं लागेल, आणि मग पुन्हा रक्ततपासणी. यासाठी नेमक्या मापाची धातूची पुंगळी मिळते, ती आणावी. किंवा हँडलच बदलावं: दोन्हीकडून वर उचललेलं, मुठी मागे वळलेलं. फक्त आजच्या फॅशनचं ७५-८० सेंटिमीटर रुंद सरळ हँडल जुन्या लांब स्टेमवर चढवू नये. हात जितके फाकतात तितकी छाती खाली जाते, आणि इतका खर्च करून माणूस पुन्हा पालथा.

हे सगळं आधीच सांगणारा एक माणूस होता. ग्रँट पीटरसन. ब्रिजस्टोनच्या अमेरिकी शाखेत त्याने नव्वदच्या आसपास माउंटन बाइकी आखल्या, मग १९९४च्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘रिव्हेंडेल’ हे स्वतःचं दुकान थाटलं, आणि तेव्हापासून तो एकच गोष्ट सांगत आला आहे: हँडल सीटच्या बरोबरीला किंवा वर असू द्या. सगळे सायकलवाले खाली जात असताना तो एकटा वर जात राहिला आणि बराच काळ विक्षिप्त म्हणून गाजला.

टायरांबद्दल थोडक्यात. पेट्रोल पंपावरचा मुलगा हवा भरतो ती मोटारसायकलच्या मनाने. टायर दगडासारखा झाला की गृहस्थांना समाधान वाटतं, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मुठींतून थेट मानेच्या शेवटच्या मणक्यापर्यंत पोचतो. टायरच्या बाजूवर दाबाची खालची आणि वरची मर्यादा छापलेली असते. वजन बेताचं असेल तर खालच्या मर्यादेच्या जवळ राहिलेलं बरं. आणि गिअर. एकवीस गिअर असून सर्वांत जड गिअरवरच दात-ओठ खात चालवणं, हलका गिअर म्हणजे कमीपणा, ही समजूत कमरेला सर्वांत महाग पडते. हाताला मुंग्या येत असतील किंवा कळ दंडातून खाली उतरत असेल तर मात्र पाना खाली ठेवून डॉक्टरांकडे जावं. ते स्टेमचं काम नाही.

एक मर्यादा शेवटपर्यंत राहतेच. पाच-दहाच्या मुलासाठी घेतलेल्या फ्रेमची आडवी नळी पाच-पाचच्या वडिलांसाठी कुठल्याही बोल्टने आखूड होत नाही. आणि हँडल फार वर नेलं की ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली कमी पडतात. डावीकडे वळलं की आपोआप ब्रेक लागतो आणि गृहस्थ सोसायटीच्या फाटकातच थांबतात. केबली बदलल्या की तेही मिटतं.

सायकल आता दिसायला विजोड झालेली असते. पुढचा भाग दूधवाल्याचा, मागचा नेड ओव्हरेंडचा. मान वळू लागल्यामुळे गृहस्थांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बांधकामं दिसतात आणि घरी आल्यावर ते कोणत्या इमारतीचा कितवा स्लॅब पडला हे सांगतात. रविवारी टोरांटोला फोन लागतो. कॅमेरा सायकलवरून फिरवला जातो. मुलगा हँडलकडे बराच वेळ पाहतो.

‘बाबा, जुना स्टेम कुठाय?’

‘भंगारवाल्याला द्यायला काढलाय.’

‘देऊ नका! त्या काळातल्या स्टेमना इथे संग्राहक चांगले पैसे देतात.’

‘त्याने माझी मान धरली होती.’

‘हो, पण तो ओरिजिनल आहे.’

स्टेम वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातो, मानेच्या पट्ट्याशेजारी.